ग्रेस, एक्सव्हीजी, ग्नूप्लॉट: आलेखांच्या डेटा-फायली वाचणारं-लिहिणारं पॅकेज (प्रकल्प नोंदी)

८ जानेवारी २०२४

हद्द ठरली. भाषा पायथन, आकड्यांसाठी तिची नमपाय ही लायब्ररी. वाचायचं आणि लिहायचं असं दोन्ही: ग्रेस या आलेख काढणाऱ्या प्रोग्रामची एजीआर प्रकल्प-फाइल, रेणूंच्या हालचालींचं गणन करणाऱ्या ग्रोमॅक्सची एक्सव्हीजी, ग्नूप्लॉट या दुसऱ्या आलेख-प्रोग्रामची मजकुरी डेटा-फाइल आणि त्याची बायनरी मॅट्रिक्स. नेटसीडीएफ आणि एचडीएफ५ (वैज्ञानिक डेटाचे बायनरी साचे) फक्त वाचायचं. ओरिजिन या आलेख-प्रोग्रामची ओपीजे यादीबाहेर. तिची रचना जाहीर नाही. जे ठाऊक आहे ते लिबओरिजिनवाल्यांनी फायली उसवून शोधलेलं आहे, आणि गरज पडली तर तीच लायब्ररी वापरावी.

सगळ्यांवर एक नियम: फाइल उघडली आणि काहीही न बदलता जतन केली, तर ती बाइटला बाइट जुळली पाहिजे. आकड्यांचा एक संच बदलला तर त्याच संचाच्या ओळी बदलाव्यात, बाकी सगळं तसंच राहावं. पार्सरला (फाइल वाचून अर्थ लावणाऱ्या भागाला) न कळलेल्या ओळीही त्यात आल्या. एजीआर फायलीत माणसांनी हाताने लावलेले रंग, खुणा, बाण आणि टिपा असतात. नवे आकडे भरताना ते पुसले गेले, तर ही लायब्ररी कोणी दुसऱ्यांदा हातात घेणार नाही.

त्यामुळे आतली रचना अशी: फाइल म्हणजे कच्च्या ओळींची यादी. प्रत्येक ओळीला एक प्रकार (टिप्पणी, आज्ञा, डेटा, शेवटखूण, अज्ञात) आणि प्रत्येक संच म्हणजे त्या यादीतला ‘इथून इथपर्यंत’चा पट्टा. आकड्यांचा ॲरे मागितल्यावरच तयार होतो. ॲरे बदलला गेला तरच त्या पट्ट्याचा मजकूर नव्याने लिहायचा.

११ जानेवारी

एजीआरची चिरफाड. ग्रेसचा वंश पॉल टर्नर यांच्या एसीई/जीआरपासूनचा. एक्सव्हीजीआर आणि एक्सएमजीआर ही त्याची आधीची रूपं. जुन्या फायली त्यांच्या काळातल्याही सापडतात, आणि त्यांत आज्ञा मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतही असू शकतात. ग्रेसचा पार्सर लहान-मोठी अक्षरं एकच धरतो, आपणही तसंच.

एजीआरचं खरं रूप ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं फसतं. ही फाइल म्हणजे ग्रेसच्या आज्ञांची पटकथा आहे. @ ने सुरू होणारी प्रत्येक ओळ वरून खाली, क्रमाने अमलात येते. ‘विथ जी०’ म्हटलं की चालू आलेख शून्यावर जातो आणि त्याखालच्या ‘वर्ल्ड’, ‘व्ह्यू’, ‘एस० लेजंड’ (शून्याव्या संचाचं आलेखावरचं नाव) या ओळी त्या आलेखाला लागू होतात. कोणत्या ओळीचा अर्थ काय, हे तिच्या वर काय होऊन गेलं त्यावर ठरतं. नुसत्या रेगेक्सने (मजकुराचे नमुने शोधून) किल्ली-मूल्य गोळा करणारे पार्सर एका आलेखावर नीट चालतात आणि दुसरा आलेख आला की त्याची शीर्षकं पहिल्यावर चढवतात. आपल्याकडे चालू आलेख लक्षात ठेवणारा छोटा दुभाषा आहे.

एक खड्डा: ‘विथ’ ही आज्ञा चित्रवस्तूंसाठीही येते. ‘विथ स्ट्रिंग’, ‘विथ लाइन’, ‘विथ बॉक्स’, ‘विथ एलिप्स’. यांनी चालू आलेख बदलत नाही. ‘विथ’ दिसलं की पुढचा शब्द ‘जी’ आणि अंक असाच आहे का ते तपासायचं, नसेल तर ओळ अज्ञात म्हणून जपायची आणि पुढे जायचं.

ग्रेसने जतन केलेल्या फायलीत क्रम ठरलेला असतो. आधी आवृत्ती (५०१२२ म्हणजे ५.१.२२), पानाचा आकार, फॉन्ट आणि रंगांच्या याद्या, मग प्रदेश, मग आलेख आणि त्यांचे संच, आणि सर्व डेटा शेवटी. प्रत्येक डेटा-गठ्ठा ‘टार्गेट जी०.एस०’ने उघडतो, मग ‘टाइप’, मग आकडे, आणि एकट्या & च्या ओळीने मिटतो. हाताने लिहिलेल्या फायलींत हा क्रम नसतो, & सुद्धा शेवटच्या गठ्ठ्यानंतर बऱ्याचदा नसतो. फाइल संपली म्हणजे गठ्ठा संपला, हे मान्य.

स्तंभांची संख्या टाइपवरून निघते: एक्सवाय आणि बारला २, एक्सवायडीएक्स, एक्सवायडीवाय, बारडीवाय, एक्सवायझेड, एक्सवायआर, एक्सवायसाइझ, एक्सवायकलर यांना ३, एक्सवायडीएक्सडीएक्स, एक्सवायडीवायडीवाय, एक्सवायडीएक्सडीवाय, बारडीवायडीवाय, एक्सवायकलपॅट आणि एक्सवायव्हीमॅपला ४, एक्सवायहायलोला ५, एक्सवायडीएक्सडीएक्सडीवायडीवाय आणि बॉक्सप्लॉटला ६. वर प्रत्येक बिंदूला अवतरणांत एक शब्दलेबल असू शकतं. लेबलात मोकळी जागा आली की साध्या स्प्लिटने ओळीचे तुकडे चुकतात. म्हणून ओळीत अवतरणचिन्ह दिसलं तरच तुकडे (टोकन) जपून पाडणारा हळू टोकनायझर, एरवी साधा स्प्लिट.

संचांचे क्रमांक सलग नसतात. एस०, एस३, एस७ असे असू शकतात, आणि लेजंड त्या क्रमांकाला बांधलेलं असतं. यादीतल्या स्थानावर विसंबायचं नाही, क्रमांक हीच किल्ली.

जाता जाता: ग्रेस प्रत्येक जतनाला ‘टाइमस्टॅम्प’ची ओळ नवी करतं, आलेखावर तो दिसत नसला तरी. गिटमध्ये (बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात) उगाच फरक दिसतो. आपण ती ओळ हात न लावता सोडतो.

१५ जानेवारी

एक्सव्हीजी. वरवर पाहता ग्रेसचीच बोली: # ने टिप्पण्या, @ ने शीर्षक आणि अक्षांची नावं, मग आकडे. पण इथे ‘टाइप एक्सवाय’ लिहिलेलं असतं आणि खाली पाच-सहा स्तंभ असतात. पहिला वेळेचा, बाकी प्रत्येक स्तंभ वेगळा संच. एक्सएमग्रेसला (ग्रेस सुरू करणाऱ्या आज्ञेला) ते ‘एनएक्सवाय’ पर्याय देऊन सांगावं लागतं, नुसतं उघडलं तर पहिल्या दोनच स्तंभांची रेघ येते. वाचताना नियम: टाइप एक्सवाय आणि स्तंभ दोनपेक्षा जास्त, तर एनएक्सवाय समजा. एस० चं लेजंड दुसऱ्या स्तंभाचं, एस१ चं तिसऱ्याचं. टाइप एक्सवायडीवाय असेल तर मात्र तिसरा स्तंभ त्रुटीपट्टीचा आहे, त्याचा संच करायचा नाही.

लेजंड कमी आणि स्तंभ जास्त असे नमुने आहेत. उरलेल्या स्तंभांना रिकामं नाव द्यायचं. मनाने नाव बनवायचं नाही, कारण परत लिहिताना ते फायलीत शिरतं.

ग्रोमॅक्सच्या साधनांना ‘-एक्सव्हीजी नन’ दिलं तर हेडरच येत नाही, नुसते आकडे. तेही चाललं पाहिजे.

तुटलेल्या फायलींचं धोरण:

गणन मध्येच मारलं गेलं की शेवटची ओळ अर्धी राहते. ‘१२५०.००० -४८’ एवढंच. यात दुसरा आकडा दिसायला वैध आहे, पण तो -४८२३१.७ चा तुकडा आहे. म्हणून शेवटच्या ओळीला नवओळ-चिन्ह नसेल तर ती ॲरेमध्ये घ्यायची नाही, स्तंभ पूर्ण दिसत असले तरी. इशारा द्यायचा, कच्ची ओळ यादीत ठेवायची. हाताने लिहिलेल्या फायलींत शेवटचं नवओळ-चिन्ह नसणं साधी गोष्ट आहे, त्यांच्यासाठी ‘शेवटची ओळ घ्या’ असा पर्याय आहे. मधल्या ओळीत स्तंभ कमी असतील तर सरळ अपवाद, ओळ-क्रमांकासकट.

दोन भाग नुसते जोडून बनवलेल्या फायलींत मध्येच पुन्हा हेडर येतो, आणि सांध्यावरची वेळ दोनदा असते: पहिल्या भागाची शेवटची चौकट हीच दुसऱ्याची पहिली. आपण ती गाळत नाही, कारण कोणती ओळ खरी हे वाचकाला कळू शकत नाही. ‘वेळ वाढती नाही’ असा इशारा आणि जिथे मोडते तो क्रमांक, एवढंच देतो.

१६ जानेवारी

आकडे म्हणून येणाऱ्या आणि आकडे नसणाऱ्या गोष्टी.

फोर्ट्रानमधून येणारा घातांक ई ऐवजी डी ने लिहिलेला असतो, पायथनचं फ्लोट तो घेत नाही. ग्नूप्लॉटलाही ‘सेट डेटाफाइल फोर्ट्रान’ सांगितल्यावरच तो कळतो. त्याहून छळवादी प्रकार तीन अंकी घातांकाचा: ठराविक रुंदीच्या ई-फॉरमॅटमध्ये घातांक ९९ च्या पुढे गेला की फोर्ट्रान अक्षरच गाळतं आणि ०.१२३-१०० असं छापतं. दुसरीकडे एफ-फॉरमॅटमध्ये स्तंभ अरुंद असेल तर दोन आकडे चिकटतात: -१२३.४५६-१२३४.५६७. दोन्हींत मध्ये वजाचिन्ह आहे. फरक ओळखायची खूण: चिन्हानंतर नेमके तीन अंक आणि टोकन संपलं, तर घातांक. चिन्हानंतरच्या भागात दशांशचिन्ह आलं तर चिकटलेले स्तंभ, आणि तिथे अपवादच द्यायचा. रुंदी ठाऊक असेल तर वापरणाऱ्याने ती द्यावी.

नुसत्या तारका म्हणजे आकडा रकान्यात मावला नाही. मूल्य गेलं ते गेलं. एनएएन (‘आकडा नाही’ ही खूण) आणि इशारा.

सगळ्यात धोकादायक नमुना जुन्या विंडोज प्रोग्रामांचा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधीच्या सी लायब्ररीत अनंत हे १.#आयएनएफ आणि एनएएन हे १.#क्यूएनएएन असं छापलं जायचं. नमपायचं लोडटेक्स्ट (मजकुरातले आकडे वाचणारं फंक्शन) # च्या पुढचं सगळं टिप्पणी म्हणून कापतं, ते ओळीच्या मध्ये असलं तरी. उरतं ‘१.’ आणि ते वैध आहे! असं मूल्य शेवटच्या स्तंभात असेल तर कुठलीही तक्रार न होता अनंताच्या जागी १.० येऊन बसतं. मधल्या स्तंभात असेल तर निदान स्तंभसंख्या चुकून आरडाओरडा होतो. आपल्या पार्सरमध्ये # हे ओळीच्या सुरुवातीला किंवा मोकळ्या जागेनंतर आलं तरच टिप्पणी.

उलट बाजूने पायथन फारच उदार आहे. अंकांमध्ये अधोरेषा चालते, देवनागरी अंकही चालतात. सी लायब्ररीच्या आधाराने वाचणारे प्रोग्राम असं घेत नाहीत. म्हणून स्वीकारण्याआधी टोकनमध्ये साधे अंक, चिन्हं, बिंदू आणि घातांकाची अक्षरं यांपलीकडे काही नाही ना, एवढं बघतो.

१७ जानेवारी

दशांश स्वल्पविराम. ३,१४ हा एक आकडा की दोन, हे फायलीकडे बघून ठरत नाही. अंदाज करायचा नाही, पर्याय स्पष्ट द्यावा लागेल. पायथनचं वाचन-छपाई लोकेलवर (देश-भाषेच्या सेटिंगवर) अवलंबून नाही, पण सी विस्तारातलं स्ट्रटॉड (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) अवलंबून आहे, आणि युनिक्सवर क्यूटी (खिडक्या बनवणारी लायब्ररी) ॲप्लिकेशन सुरू होताच लोकेल बदलतं. खिडकीवाल्या प्रोग्रामात बसवल्यावरच दिसणारा दोष असतो हा: चाचण्यांत सगळं हिरवं, आणि जर्मन लोकेल लावलेल्या मशीनवर ३.१४ चं ३. विस्तारात सी++१७ चं फ्रॉम_कॅर्स वापरतोय, त्याचा लोकेलशी संबंध नाही.

२२ जानेवारी

ग्नूप्लॉटची मजकुरी फाइल. इथे रिकामी ओळ हाच आराखडा आहे. एक रिकामी ओळ: रेघ तुटते, जाळीच्या डेटात एक स्कॅन संपून दुसरा सुरू होतो. सलग दोन रिकाम्या ओळी: नवा संच, ‘इंडेक्स’ एकाने पुढे, मोजणी शून्यापासून. फक्त मोकळ्या जागा असलेली ओळही रिकामीच.

नमपायचं लोडटेक्स्ट रिकाम्या ओळी गिळून टाकतं. आकडे सगळे येतात, पण ५० बाय ४० ची जाळी २००० ओळींची सपाट यादी होते. मग लोक रीशेपने ती उभी करतात आणि ओळी-स्तंभांची अदलाबदल होते. चौरस जाळीत तर तेही कळत नाही, चित्र तिरक्या आरशात पडल्यासारखं उलटतं एवढंच. आपलं वाचन त्रिस्तरी आहे: संच, त्यात खंड, त्यात बिंदू. सगळ्या खंडांची लांबी सारखी असेल तरच जाळी म्हणून देतो, आणि पहिला स्तंभ खंडात स्थिर आहे की दुसरा, हे तपासून अक्ष ठरवतो.

लिहिताना दोन संचांमध्ये नेमक्या दोन रिकाम्या ओळी, शेवटच्या संचानंतर एकही नाही. संचाच्या आधी त्याचं नाव टिप्पणीत लिहिलं तर ग्नूप्लॉटला ‘इंडेक्स’ मध्ये क्रमांकाऐवजी नाव देता येतं, म्हणून ते लिहितो. फायली रिपॉझिटरीत ठेवणाऱ्यांसाठी सूचना: सलग रिकाम्या ओळींची एक करणारे ऑटो-फॉरमॅटर या प्रत्ययावर बंद ठेवा. त्यांनी एक ओळ खाल्ली की दोन संच एक होतात आणि आलेखात त्यांच्यामधली रेघ फक्त तुटलेली दिसते.

गहाळ मूल्य: प्रश्नचिन्ह, एनएएन आणि रिकामा रकाना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याशी ग्नूप्लॉट कसं वागतं हे आवृत्त्यांत बदलत आलं आहे. ॲरेमध्ये तिन्ही एनएएन होतात, पण मूळ टोकन कोणतं होतं याचा मुखवटा सोबत ठेवतो. लिहिताना तेच टोकन परत.

२४ जानेवारी

बायनरी मॅट्रिक्स. सगळे चार-बाइटी फ्लोट (दशांश आकडे). पहिला आकडा स्तंभांची संख्या, तीसुद्धा फ्लोट म्हणूनच. मग तेवढे एक्स. मग प्रत्येक ओळीला एक वाय आणि त्यामागे झेड. सही नाही, आवृत्ती नाही, बाइटक्रमाची खूण नाही. त्यामुळे तपासणी आपणच करायची: पहिला फ्लोट पूर्णांक आणि धन आहे का, आणि फायलीतले एकूण फ्लोट त्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या संख्येने नि:शेष भागले जातात का. जमलं नाही तर बाइट उलटे करून पुन्हा. तेही नाही जमलं तर ही ती फाइल नव्हे.

फ्लोटमध्ये सार्थ भाग २४ बिटांचा आहे, १६७७७२१६ च्या पुढचे पूर्णांक सगळे मावत नाहीत. एक्स अक्षावर १९७० पासूनचे सेकंद (आजघडीला १७० कोटींच्या घरात) टाकले तर शेजारच्या दोन फ्लोटमधलं अंतर १२८ सेकंदांचं होतं. दर सेकंदाचं मोजमाप पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतं आणि लोक उपकरणाला दोष देतात. लिहिणारं फंक्शन एक्स आणि वाय फ्लोटमध्ये नेऊन परत आणतं. शेजारची मूल्यं एक झाली तर लिहायला नकार देतं आणि सुरुवातीचं मूल्य वजा करून द्या असं सांगतं.

३० जानेवारी

मजकुरात लिहिताना किती अंक. डबल (आठ-बाइटी दशांश आकडा) तसाच्या तसा परत यायला जास्तीत जास्त १७ सार्थ अंक लागतात, फ्लोटला ९. सरसकट १७ छापले तर ०.१ चं ०.१०००००००००००००००१ होतं: चूक नाही, पण फाइल फुगते आणि वाचणारा दचकतो. पायथनचं रेप्र हे फंक्शन सगळ्यात आखूड अशी लिखावट देतं जी परत तोच डबल देते, ०.१ चं ०.१ आणि ०.१+०.२ चं ०.३०००००००००००००००४. तेच वापरायचं. ॲरे फ्लोट३२ चा असेल तर आधी डबल करून रेप्र घेऊ नका, ०.१ चं ०.१०००००००१४९०११६१२ छापलं जाईल. फ्लोट३२ चं स्वतःचं आखूड रूप घ्या.

ग्रेसची गोष्ट वेगळी. त्याच्या फायलीत ‘डिफॉल्ट एसफॉरमॅट’ अशी आज्ञा असते आणि तिचं नेहमीचं मूल्य टक्का-बिंदू-आठ-जी, म्हणजे आठ सार्थ अंक. आपण कितीही अंक लिहिले तरी कोणी ग्रेसमध्ये उघडून जतन केलं की आठच उरतात. बहुतेक मोजमापांना पुरे. ज्युलियन दिवसांना अजिबात नाही: १ जानेवारी २०२४ ची मध्यरात्र म्हणजे २४६०३१०.५, आणि इथेच आठ अंक संपले. पुढची पायरी ०.१ दिवसाची, म्हणजे २ तास २४ मिनिटांची. मिनिटामिनिटाच्या नोंदी उभ्या खांबांत गोळा होतात. नवी फाइल बनवताना आपण एसफॉरमॅट १७ अंकांचा लिहितो. आधीच्या फायलीतला बदलत नाही (नियम तो नियम), पण संचातला एखादा स्तंभ आठ अंकांत मावत नसेल तर इशारा देतो.

५ फेब्रुवारी

लेबलं आणि अक्षरसंच. वेळखाऊ भाग.

फाइल लॅटिन-१ म्हणून उघडायची. प्रत्येक बाइटला एक अक्षर असल्याने डिकोड कधी फसत नाही आणि परत लिहिताना तेच बाइट मिळतात. यूटीएफ-८ ने उघडली तर जुन्या फायलीतलं एखादं अंशचिन्ह सगळं वाचन पाडतं. सुरुवातीची बीओएम (युनिकोड फायलीची अदृश्य खूण) दिसली तर ती पहिल्या ओळीपासून वेगळी ठेवायची, नाहीतर पहिली # ओळ टिप्पणी म्हणून ओळखली जात नाही.

ग्रेस ५.१ ला युनिकोड कळत नाही. विशेष चिन्हं बॅकस्लॅशच्या आज्ञांनी लिहायची. बॅकस्लॅश-मोठा एस वर चढवतो, छोटा एस खाली उतरवतो, मोठा एन मूळ पातळीवर आणतो. बॅकस्लॅश-छोटा एक्स सिंबॉल फॉन्ट लावतो, मग एम लिहिलं की म्यू उमटतो. बॅकस्लॅश-छोटा सी ते बॅकस्लॅश-मोठा सी यांच्यामधल्या अक्षरांत १२८ मिळवले जातात: त्यात मोठा ई लिहिला की अँगस्ट्रॉम, शून्य लिहिलं की अंशचिन्ह. उलगडा सोपा: ई चा संकेत ६९, अधिक १२८ म्हणजे १९७, आणि लॅटिन-१ मध्ये १९७ ला तेच चिन्ह आहे. लॅटिन-१ मध्ये असणारं कोणतंही चिन्ह आपण असंच लिहितो, ग्रीक अक्षरं सिंबॉलमध्ये, उरलेल्यांसाठी अपवाद. देवनागरी लेबलं ग्रेसमध्ये या मार्गाने येत नाहीत. ती हवी असतील तर आलेख मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीत काढावा.

ग्रेसच्या लेबलचं मॅटप्लॉटलिबच्या गणितीलिपीत रूपांतर करताना शोध-बदल पुरत नाही. वर चढवणं म्हणजे पातळी ०.६ ने वाढवणं आणि अक्षर ०.७१ पट करणं, खाली उतरवणं म्हणजे पातळी ०.४ ने घटवणं आणि तसंच लहान करणं, आणि हे साचत जातं. दोनदा वर चढवलं तर घाताचा घात. महिरपी कंसांची भाषा घरट्यासारखी, ग्रेसची भाषा पातळी लक्षात ठेवणारी. म्हणून अक्षरागणिक अवस्था पुढे नेत तुकडे करतो, मग तुकड्यांवरून कंस. रिकामे तुकडे (वर चढवलं आणि लगेच परत) गाळायचे. ग्रोमॅक्सची लेबलं याच आज्ञा वापरतात, तेव्हा हेच फंक्शन एक्सव्हीजीलाही.

लेबलातलं दुहेरी अवतरणचिन्ह बॅकस्लॅशने सांभाळायचं. ‘पहिल्या अवतरणापासून शेवटच्यापर्यंत’ ही पळवाट बहुतेक वेळा चालते, अवतरणाच्या आधी दोन बॅकस्लॅश आले की चालत नाही.

१२ फेब्रुवारी

नवी एजीआर लिहिताना अक्षांची चौकट. आवृत्तीची ओळ असलेली फाइल ग्रेस पूर्ण प्रकल्प मानतं आणि चौकट आपोआप बसवत नाही. ‘वर्ल्ड’ लिहिलं नाही तर आलेख ० ते १ मध्ये उघडतो आणि डेटा बाहेर कुठेतरी. ‘रिकामा आलेख आला’ या तक्रारीचं हेच कारण असतं. क्रम लक्षात ठेवा: किमान एक्स, किमान वाय, कमाल एक्स, कमाल वाय. दोन्ही एक्स आधी असं नाही. ‘व्ह्यू’ त्याच क्रमात, पण एकक वेगळं: पानाची आखूड बाजू म्हणजे १. ७९२ बाय ६१२ च्या पानाला रुंदी साधारण १.२९.

किमान-कमाल काढताना एनएएन आणि अनंत वगळायचे. सगळी मूल्यं सारखी असतील तर रुंदी शून्य होते, तेव्हा मूल्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा. मोठी खूण १, २ किंवा ५ गुणिले दहाचा घात. घातांकी अक्षावर किमान शून्याहून मोठं असलंच पाहिजे आणि मोठी खूण पटीत मोजली जाते, म्हणून १०. साध्या अक्षाचं ०.५ तिथे राहिलं तर खुणा बसत नाहीत.

१९ फेब्रुवारी

वेग. नमपाय १.२३ पासून लोडटेक्स्ट सी मध्ये आहे आणि पायथनच्या ओळीगणिक लूपला ते सहज मागे टाकतं. मार्ग असा: पट्ट्यात अवतरण, #, तारका किंवा डी-घातांक नाही हे एका रेगेक्सने पाहायचं, नसेल तर पट्टा सरळ लोडटेक्स्टला, असेल तरच आपला हळू पार्सर. नमपायचंच फ्रॉमस्ट्रिंग मोकळ्या जागेच्या विभाजकासह आणखी सुटसुटीत वाटतं, पण न कळलेल्या टोकनपाशी ते थांबतं आणि तिथवरचाच ॲरे देतं, सोबत एक डेप्रिकेशनचा (‘हे वागणं पुढे बंद होईल’ असा) इशारा. अर्धा डेटा मुकाट्याने देणारं फंक्शन इथे नको.

२६ फेब्रुवारी

नेटसीडीएफ आणि एचडीएफ५ वाचन. प्रत्ययावर भरवसा नाही, सुरुवातीचे बाइट बघायचे. जुनं नेटसीडीएफ ‘सीडीएफ’ या तीन अक्षरांनी आणि मग १, २ किंवा ५ या बाइटने सुरू होतं. नेटसीडीएफ-४ म्हणजे आतून एचडीएफ५. त्याची आठ बाइटांची सही शून्यावर नसेल तर ५१२, १०२४, २०४८ अशी दुप्पट होत जाणाऱ्या जागांवर शोधायची.

पॅक केलेल्या (लहान पूर्णांकांत दाबून ठेवलेल्या) चलांचा क्रम महत्त्वाचा: आधी भरावमूल्याशी (गहाळ जागी भरलेल्या आकड्याशी) तुलना, मग गुणक आणि बेरीज. भरावमूल्य पॅक केलेल्या रूपातलं असतं. उदाहरण: भरावमूल्य -३२७६७, गुणक ०.००२, बेरीज १०. आधी गुणलं तर गहाळ बिंदू -५५.५३४ होतो. वरच्या वातावरणाचं तापमान म्हणून कोणीही मान्य करेल असा आकडा, आलेखात डोळ्यांना खटकतही नाही.

वेळ ‘अमुक तारखेपासूनचे तास’ अशी असते आणि कॅलेंडर वेगळं सांगितलेलं असू शकतं. ३६० दिवसांच्या कॅलेंडरात ३० फेब्रुवारी आहे, पायथनच्या डेटटाइममध्ये नाही. तिथे सीएफटाइम ही लायब्ररी. एच५पाय (एचडीएफ५ वाचणारी पायथन लायब्ररी) ३ पासून मजकूर बाइट म्हणून येतो, लेबल करण्याआधी डिकोड. फाइल बंद झाल्यावर डेटासेट मेलेला असतो, म्हणून बंद करण्याआधी ॲरेत प्रत.

४ मार्च

जतन करणं. थेट मूळ फायलीवर लिहायचं नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल, लिहून फ्लश, एफसिंक (डिस्कवर पक्कं करणं), मग ओएस.रिप्लेस (जुन्याच्या जागी नवी). त्याच फोल्डरमध्ये, कारण दुसऱ्या फाइलसिस्टमवरून नाव बदलता येत नाही. दोन बाबी हमखास सुटतात: मेकएसटेम्प तात्पुरती फाइल फक्त मालकालाच वाचता येईल अशी बनवतं, सामायिक फोल्डरमध्ये बाकीच्यांची फाइल अचानक बंद होते, तेव्हा जुन्या फायलीचे परवाने आधी उतरवून घ्यायचे. आणि मूळ नाव सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर रिप्लेस लिंकच उडवतं, म्हणून आधी खरा पत्ता काढायचा.

विंडोजवर फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग, नाहीतर प्रत्येक ओळीअखेर जास्तीचा बाइट. ओळीचा शेवट कच्च्या ओळीचाच भाग म्हणून ठेवतो, नव्या ओळींना फायलीत बहुसंख्य असलेला. शेवटखूण तपासताना & च्या मागचा सीआर (विंडोजवरचा ओळीअखेरचा जास्तीचा बाइट) कापूनच तुलना.

११ मार्च

चाचण्या. नमुना फायलींवर उघडा-जतन करा-बाइट जुळवा. हायपोथेसिस या चाचणी-लायब्ररीने यादृच्छिक ॲरे: उणे शून्य, ५ गुणिले १० चा -३२४ वा घात, सर्वांत मोठा डबल, एनएएन. तुलना बिटांवर, कारण एनएएन स्वतःशी समान नसतो आणि उणे शून्य अधिक शून्याशी समान ठरतो. एनएएनचे आतले बिट मात्र मजकुरात टिकत नाहीत, तिथे दोन्हीकडे एनएएन आहे एवढं पुरे. लिहिलेली एजीआर ग्रेसबॅटला (खिडकी न उघडता चालणाऱ्या ग्रेसला) देऊन पोस्टस्क्रिप्ट काढतो आणि त्याच्या त्रुटी-प्रवाहात काही आलं तर चाचणी नापास. ग्नूप्लॉटसाठी ‘स्टॅट्स’ आज्ञेने मिळणारी नोंदींची आणि खंडांची संख्या आपल्याशी ताडून बघतो.

उरलेलं: संकुचित एजीआर थेट उघडणं. दोन वायअक्षांसाठी एकावर एक ठेवलेल्या आलेखांची एकत्र चौकट. ओरिजिनमधून मजकूर म्हणून आलेल्या फायलींत गहाळ जागी कधी -१.२३४५६७८९ गुणिले १० चा -३०० वा घात असतो, ते त्याचं आतलं गहाळमूल्य. साध्या अक्षावर तो शून्यासारखा दिसतो आणि सरासरीत शून्य म्हणूनच मिसळतो. एनएएन करण्याचा पर्याय जोडायचा, पूर्वनिश्चित बंद, पण असा आकडा दिसला की इशारा नेहमी.